लोटू आप्पांचा आहेर

लोटू आप्पा भदाण्यांना हळू बोलता येत नाही. त्यात त्यांचा काही दोष नाही. मिसरूड फुटायच्या आत ते खान्देशातलं मारवड सोडून सुरतेला आले आणि थेट लूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, उभे राहिले. सुरतेतल्या लिंबायत वस्तीच्या त्या खात्यांमध्ये माग एकदा सुरू झाले की शेजारच्या माणसाकडे बिडी मागायची तरी बोंब ठोकावी लागते. साठी उलटेपर्यंत आप्पांनी असंच बोंबलत काम केलं. आता काम सुटलं, पण सूर सुटला नाही. जेवताना त्यांनी बायकोकडे, रुक्मिणीकाकूंकडे, मीठ मागितलं, की आज भदाण्यांची भाजी अळणी झाली हे पलीकडच्या गल्लीला कळतं.

या आवाजानंच आप्पांचं नाव झालं. लिंबायतीत खान्देशी माणसाच्या घरी लग्न निघालं की आचाऱ्याच्या आधी आप्पांना सांगावा जातो, कारण आहेर पुकारावा तो आप्पांनीच. लग्न लागलं, की मांडवाच्या एका बाजूला खुर्ची टाकून आप्पा माइक हातात घेतात. आहेर करणारे एकेक करून येतात, आप्पांच्या कानाशी लागून नाव सांगतात, गाव सांगतात आणि काय आणलं ते हळूच पुढं करतात. मग आप्पा एक श्वास घेतात आणि त्या माणसाचं नाव साऱ्या वस्तीवर उधळून देतात. मुक्काम अमुक, हल्ली मुक्काम सुरत, यांच्याकडून नवरदेवास आहेर! ज्याला दिवसभर खात्यात शेठ ‘ए’ म्हणून हाक मारतो, त्याचं पूर्ण नाव बापाच्या नावासकट माइकवरून ऐकू येतं, आणि तो माणूस शर्टाची कॉलर नीट करून पंगतीकडे जातो.

पण आप्पांची खरी कला वेगळीच. लहान आहेर मोठा करून सांगावा तो त्यांनीच. टॉवेल-टोपी आली तर आप्पा ‘मानाचा पोशाख’ म्हणतात. चार स्टीलचे पेले आले तर ‘संसारोपयोगी भांड्यांचा संच’. पाकिटातली नोट मोठी असेल तर आकडा सांगतात. लहान असेल तर नुसतं ‘रोख आहेर’ म्हणतात, पण अशा दमात, की ऐकणाऱ्याला वाटावं आकडा सांगायला आप्पांना संकोच झाला. यात खोटं काही नाही असं आप्पांचं ठाम मत होतं. ज्याच्या घरी मंदीत माग बंद पडलेत त्यानं पाकिटात काही घातलं हेच मोठं, मग मोठं म्हणायला काय जातं?

या कामाचे ते पैसे घेत नसत. नारळ आणि पहिल्या पंगतीत पान, एवढंच. स्वतःचा आहेर ते कधी पुकारत नसत. आपल्या तोंडानं आपलं नाव कसं घ्यायचं? आपलं पाकीट ते गुपचूप नवरीच्या बापाच्या खिशात सरकवत आणि पुढच्या माणसाकडे कान करत. एकदा रुक्मिणीकाकूच म्हणाल्या होत्या, “आख्खा गावना आहेर पुकारतस तुम्ही, आपला कोन पुकारी?” आप्पा मोठ्यानं हसले होते. त्यांच्या हसण्यानं गल्लीतलं एक कुत्रं उठून गेलं होतं, आणि विषय तिथंच संपला होता.

यंदा महापालिकेच्या निवडणुकीला सुषमा अपक्ष उभी राहिली, तेव्हापासून मात्र आप्पांच्या या कलेला ग्रहण लागलं.

सुषमा म्हणजे बन्सीलालची लेक. बन्सीलाल आणि आप्पा शेजारशेजारच्या मागांवर उभे राहत. बन्सीलाल गेला तेव्हा सुषमा शाळेत होती. पुढं तिनं गल्लीतल्या बायकांना जमवून साड्यांवर खडे चिकटवायचं काम घरोघरी आणलं. तेच करता करता तुंबलेल्या गटारासाठी महापालिकेच्या झोन ऑफिसात जाऊन भांडू लागली. भांडून भांडून गटार झालं आणि सुषमा पुढारी झाली. चिन्ह मिळालं शिलाई मशीन. आप्पांना तर घरात लग्न निघाल्यासारखं झालं होतं.

सुषमा मात्र पहिल्या दिवसापासून धास्तावलेली होती. निवडणूक कचेरीनं उमेदवारांना बोलावून कायद्यातली कलमं समजावून सांगितली होती, ती तिनं मन लावून ऐकली होती. खर्चाला मर्यादा. निवडणुकीसाठी बँकेत वेगळं खातं. मोठी देणगी असेल तर चेकनंच. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कुणी काही फुकट दिलं तरी ते फुकट धरायचं नाही. मांडव, चहा, रिक्षा, काहीही असो, त्याची बाजारभावानं किंमत करून ती उमेदवाराच्या खर्चात मांडायची. मर्यादा ओलांडली तर उमेदवारी गोत्यात येते, पुढं उभं राहायलाही बंदी येऊ शकते, असं तिला बजावलं होतं. म्हणून ती घरोघरी सांगत फिरली, “काही देऊ नका. दिल्याशिवाय राहवतच नसेल, तर लहान द्या आणि मला सांगून द्या.”

लोकांनी अगदी तिच्या सांगण्याप्रमाणे केलं. लहानच दिलं. घात केला तो आप्पांनी.

कार्यालयाचं उद्घाटन होतं. कार्यालय म्हणजे बन्सीलालचीच पुढची खोली. भेस्तानला मंडपाचा धंदा करणाऱ्या धर्मेंद्रनं दारात एक ताडपत्री ताणून दिली होती आणि मूठभर खुर्च्या आणल्या होत्या. समोरच्या घरातल्या शोभाबाई चहाचा थर्मास घेऊन आल्या. पंडित नावाच्या रिक्षावाल्यानं संध्याकाळपुरती रिक्षा उभी केली होती. खात्यातल्या पोरांनी पताका करायला चिंध्यांचं एक गाठोडं आणलं होतं. सुषमानं आप्पांना माइक दिला तो फक्त “आता सुषमाताई दोन शब्द बोलतील” एवढं म्हणायला.

पण माइक आप्पांच्या हातात, वर ताडपत्री, समोर खुर्च्या, दाराला आंब्याचं तोरण. लोकांनाही सवय. एकेक जण आपोआप आप्पांच्या खुर्चीपाशी आला, कानाशी लागला, नाव सांगितलं, गाव सांगितलं. आता तुम्हीच सांगा, आप्पांनी काय करायचं? माणूस कानाशी येऊन गाव सांगतोय आणि आपण त्याचं नाव गिळून टाकायचं? खान्देशात आहेर पुकारला नाही तर माणूस जेवल्याशिवाय उठून जातो, आणि त्याचे नातूसुद्धा ते विसरत नाहीत. आप्पांनी श्वास घेतला आणि सुरू केलं. धर्मेंद्र यांच्याकडून भव्य मंडप, संपूर्ण बैठकव्यवस्थेसह! पंडित यांच्याकडून प्रचारासाठी वाहनव्यवस्था! खात्यातल्या तरुण मंडळींकडून पताकांसाठी कापडाचे ताकेच्या ताके!

शोभाबाई कानाशी आल्या तेव्हा आप्पांनी थर्मास हातात घेऊन पाहिला होता. तो अर्धा होता. का अर्धा होता तेही त्यांना ठाऊक होतं. शोभाबाईंचा मुलगा दिवाळीपासून घरी बसला होता आणि त्यांच्या घरी दूध मोजून येत होतं. म्हणूनच आप्पांनी सगळ्यात मोठा श्वास त्यांच्यासाठी राखून ठेवला. “शोभाबाई यांच्याकडून जमलेल्या समस्त जनसमुदायास चहापान!” शोभाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, पण त्यांचा चेहरा उजळलेला सगळ्यांनी पाहिला.

निवडणूक कचेरीचा व्हिडिओवाला कोपऱ्यात उभा राहून शांतपणे शूटिंग करत होता. त्याचं ते कामच होतं.

आठवड्याभरानं सुषमा कागद घेऊन आप्पांच्या दारात आली आणि उंबऱ्यावरच बसली.

“आप्पा, हाई काय करी टाकं तुम्ही?”

“काय झालं?”

“नोटीस आली. तुमचं बोलणं रेकॉर्ड झालंय सगळं.”

“चांगलं आलंय का?” आप्पांनी विचारलं.

सुषमाला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. तिनं नोटीस वाचून दाखवली. कचेरीनं आप्पांच्या तोंडच्या शब्दांचे बाजारभाव काढले होते. भव्य मंडपाचा भाव, जनसमुदायाच्या चहाचा भाव, वाहनव्यवस्थेचा, ताक्यांचा. त्या एका संध्याकाळीच सुषमाचा खर्च मर्यादेच्या बाहेर गेला होता. खुलासा पटला नाही तर तिचं पुढचं सगळंच अडणार होतं.

आप्पा खाली बसले. आपल्या तोंडानं बन्सीलालच्या पोरीचं वाटोळं होतंय, हे त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मात्र त्यांना फार लागलं.

“आता काय करायचं?”

“कचेरीतल्या खर्च तपासणाऱ्या बाई सुनावणी घेणारेत. देणाऱ्यांनाही बोलावलंय. तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं, काय किती होतं ते.”

“म्हणजे लहान करून सांगू?”

“खरं करून सांगा, आप्पा.”

जन्मभर त्यांनी माणसाचं देणं मोठं करून सांगितलं होतं. आता ज्यांचं मोठं केलं त्यांना समोर बसवून, मोजून लहान करायचं होतं. सुषमा गेल्यावर ते काकूंना म्हणाले, हे आपल्यानं होणार नाही. काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “तिना बाप ऱ्हाता ते काय सांगता तुमले?”

आप्पा गेले.

सुनावणीच्या खोलीत खर्च तपासणाऱ्या बाई बसल्या होत्या, गुजराती, चष्म्यातून बघणाऱ्या, बोलायला मऊ. त्यांनी लॅपटॉप फिरवला आणि आप्पांचा आवाज खोलीत दणाणला. शिपाई दचकून आत डोकावला. आप्पांनी स्वतःला असं बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. नोटीस नसती तर ते खूश होऊन पुन्हा लावा म्हणाले असते.

“काका, आ तमारो अवाज छे?” बाईंनी विचारलं.

“हो मॅडम, मेराही है.”

“मंडप केटलो मोटो हतो?”

मंडप केवढा होता? भिंतीशी बाकावर सगळे बसले होते. धर्मेंद्र, पंडित, खात्यातली पोरं, आणि टोकाला शोभाबाई. आप्पांनी तिकडे बघायचं टाळलं. ते म्हणाले, “मॅडम, मंडप तसा मोठाच—” आणि सुषमाशी त्यांची नजरानजर झाली. बन्सीलालही असाच बघायचा, माग बिघडला की.

“एक ताडपत्री,” आप्पा म्हणाले. “खुर्च्या थोड्या.”

त्यांचा आवाज कधी नव्हे तो बसला होता. बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. “जोरथी बोलो काका. रेकॉर्ड थाय छे.”

म्हणजे लहान तर करायचंच, आणि तेही ओरडून. आप्पांनी खुर्चीची कड धरली. मग माइकवर बोलावं तसं, खोली भरून, त्यांनी एकेक आहेर लहान केला. एक ताडपत्री, जुनी, एका बाजूनं शिवलेली. रिक्षा, पण चाललीच नाही, नुसती उभी होती. कापडाचे ताके नव्हते, खात्यातून झाडून काढलेल्या चिंध्या होत्या. प्रत्येक वाक्यासरशी बाकावरचं एकेक माणूस खाली बघू लागलं. धर्मेंद्रनं कसनुसं हसून घेतलं, त्याचा धंदा होता, त्याची ताडपत्री शिवलेली आहे हे आता साऱ्या भेस्तानला कळणार होतं.

“अने चा?”

आप्पांनी शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

“एक थर्मास,” आप्पा म्हणाले. “अर्धा.”

बाईंनी सगळं लिहून घेतलं, देणाऱ्यांना विचारून खात्री केली. शोभाबाईंनी नुसती मान हलवली. आकडे मर्यादेच्या पुष्कळ आत आले. शेवटी बाईंनी विचारलं, “अने काका, तमारुं शुं? माइक पर बोलवाना केटला लो छो?”

“काही नाही मॅडम. फ्री.”

“पोतानी खुशीथी?”

“हो. माझ्या खुशीनं.”

“तो तमारुं कांई नथी,” असं म्हणत बाईंनी त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली. त्यांच्या बोलण्यात कसलाही टोमणा नव्हता. तुमची किंमत खर्चात धरायची नाही, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण आप्पा बाहेर आले ते ती रेघ डोक्यात घेऊन. तमारुं कांई नथी. खरंच की, तुमचं काहीच नाही.

सुषमा सुटली. घरी येताना ती रिक्षात आप्पांचा हात धरून बसली होती. पुढं निकालाचं काय झालं तेही सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहायचं. सुषमा पडली. थोडक्यात पडली, पण पडली. पुढच्या वेळी पुन्हा उभी राहणार आहे, आणि राहू शकते ती त्या सुनावणीमुळंच.

पण सुनावणीनंतर आप्पांचं काही सुटलं नाही. रोज सकाळी समोरच्या दारातून हाक यायची, “लोटूभो, चहा पेवाले ये!” ती बंद झाली. आप्पा दोन दिवस वाट पाहून स्वतःच शोभाबाईंच्या दारात गेले. शोभाबाई साडीवर खडे चिकटवत बसल्या होत्या.

“शोभाबाई, मन्हा इलाज नव्हता.”

“अर्धाच व्हता,” त्या म्हणाल्या. “माले माहीत शे ना. तुले गावभर कसाले सांगनं पडनं?”

का सांगावं लागलं ते शोभाबाईंना चांगलं ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक आहे हे आप्पांनाही. ते घरी आले आणि काकूंना म्हणाले, आता माइकला हात लावणार नाही, लग्नातसुद्धा नाही. हे त्यांनी आपल्याच आवाजात म्हटल्यामुळं गल्लीतल्या सगळ्यांना कळलं.

प्रचाराची शेवटची सभा त्याच दारात, त्याच शिवलेल्या ताडपत्रीखाली होती. धर्मेंद्रनं तीच आणली होती. आता सगळ्यांना माहीत आहे, तर नवी कशाला, असं तो म्हणाला. आप्पा यायला तयार नव्हते. काकूंनी त्यांना हाताला धरून आणलं आणि अगदी मागच्या खुर्चीवर बसवलं. व्हिडिओवाला आपल्या कोपऱ्यात होता. सुषमा आपली आपणच उठली, आपणच बोलली. बोलणं बरं झालं, पण सभेत काहीतरी कमी होतं आणि ते काय हे सगळ्यांना कळत होतं. लोक सारखे वळून मागं बघत होते.

सुषमाचं बोलणं संपलं, तेवढ्यात शोभाबाई उठल्या. बोलायला उठलेल्या त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सुषमाच्या हातून माइक घेतला, उलटा धरला, सुषमानं तो सुलटा करून दिला. शोभाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आप्पा घेतात तसा एक मोठा श्वास घेतला.

“लोटू दगा भदाणे, मुक्काम मारवड, हल्ली मुक्काम लिंबायत सुरत, यांच्याकडून आपल्या सुषमाला आहेर!”

आप्पांनी मान वर केली.

शोभाबाईंनी कोपऱ्यातल्या व्हिडिओवाल्याकडे बोट केलं. “तू लिही ले रे भाऊ नीट. एक आवाज. जुना. वापरेल. कडाले थोडासा फाटेल. बाजारमा भाव काहीच नही!”

मग जो हशा उठला, तो पार नाक्यापर्यंत गेला. व्हिडिओवालाही हसला आणि त्याचा कॅमेरा हलला. धर्मेंद्रनं ओरडून विचारलं, एका बाजूनं शिवलेला आहे का? शोभाबाई माइकवरूनच म्हणाल्या, शिवेल नही, पन चालस! आणि मग लोक टाळ्या वाजवू लागले, लग्नात मोठा आहेर पुकारला की वाजवतात तशा, उभे राहून. सुषमा डोळे पुसत टाळ्या वाजवत होती. एवढ्या वर्षांत लिंबायतीतल्या घरोघरचा आहेर पुकारून झाला होता, त्यात हा एकच राहिला होता.

शोभाबाई माइक ठेवून खाली आल्या, आणि आप्पांच्या खुर्चीपाशी येऊन म्हणाल्या, “सकाळी चहा पेवाले ये.”

आप्पांचे डोळे भरून आले होते. ते काहीतरी बोलले. ओठ हलताना दिसले, पण शेजारच्याच खुर्चीवर बसलेल्या काकूंना काही ऐकू आलं नाही.

“काय म्हनतस?” काकूंनी कान पुढं करून विचारलं. एवढ्या संसारात त्यांना असं पहिल्यांदाच विचारावं लागलं होतं.